कचेरीतला अंतरपाट

कारभारी आबासाहेबांचा न्याय गावाला पाठ होता. गुन्हा एकच असला तरी नात्यातल्याला समज आणि परक्याला आसुडाचे फटके! वर मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "शिक्षा माणूस बघून द्यावी लागते."

त्या दिवशी कचेरीत दोघे उभे होते, आबासाहेबांचा मेहुणा आणि तुळाजी. दोघांनीही दुसऱ्याच्या पाळीचं पाटाचं पाणी आपल्या शेतात वळवलं होतं. आबासाहेबांनी आसूड मागवताच तुळाजीची बायको सगुणा घरून आणलेला अंतरपाट घेऊन पुढे आली.

"सरकार, हा मधे धरू द्या. तोंड न बघता लोक जन्माची गाठ बांधतात, इथे तर नुसते फटकेच द्यायचेत."

कचेरी हसली. आबासाहेबांना नाही म्हणता येईना. पडद्याआड सगुणेने दोघांच्या जागा बदलल्या.

"डावीकडच्याला वीस फटके..." म्हणत आबासाहेब अडखळले. पाय तरी दिसतील म्हणून वाकले, तर चारही पाय चिखलाने माखलेले. बसल्या जागी चुळबुळ करून शेवटी ते ओरडले, "अगं, माणूस दिसल्याशिवाय शिक्षा देऊ कशी?"

"गुन्हा ऐकलात ना, सरकार? मग आता बघायचं काय राहिलंय?"

दोघांनाही समज मिळाली. अंतरपाट मात्र गावाने सगुणेला कचेरीतून परत नेऊ दिला नाही.