धूर्जटीच्या घरचा निवाडा

एका राज्यात माणूस मेला की त्याच्या वस्तूही सुतक धरीत. कुलपं उघडत नसत, हंड्यात पाणी ठरत नसे, गादी कुणाला पाठ टेकू देत नसे. वारसांचा निवाडा झाला, की वस्तू सुतकातून उठत आणि नव्या मालकाच्या होत. त्याआधी वारसाचं अंग वस्तूला लागलं, तर त्या अंगाचा दगड होई. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

धूर्जटी त्या राज्याचा राजमांत्रिक. तो गेला तेव्हा मागे दोन लेकरं राहिली, थोरली शेवंती आणि धाकटा मकरंद. मकरंद चांगला मिसरूड फुटलेला, पण रडून रडून बेभान झाला होता. स्मशानातून परतला तो दारातल्या बापाच्या खडावांत, लहानपणी घालायचा तसे, पाय घालून उभा राहिला. शेवंतीचं लक्ष जाईपर्यंत पावलांचा काळा पाषाण झाला होता, आणि तो वर सरकत होता.

"दुखतंय का रे?"

"नाही ताई. गार लागतंय."

शेवंती तशीच वारसपंडिताकडे धावली. राज्यातले सगळे निवाडे त्याच्या हातचे. त्याने विडा चघळत सांगितलं, की आधी राजाची मोहोर आण. मग वेशीवर पुकारा कर, आणि कुणाचं काही बापाकडे राहिलं असेल तर ते परत दे. शेवटी पिंडाच्या दिवशी कावळ्यासमोर दोघांनी आपापला वाटा बोलून दाखवा. त्या राज्यात मरणाऱ्याची इच्छा कागदावर नाही, कावळ्याच्या कंठात ठेवीत. बोलणं इच्छेशी जुळलं की कावळा पिंडाला शिवे. शिवला की निवाडा झाला.

"आणि तोवर माझा भाऊ?"

"दगड त्याच्या चालीने चढणार. तू तुझ्या चालीने चाल."

राजवाड्याच्या दारावर एक पोपट कारकून होता. त्याने सांगितलं, महाराज स्नानाला गेलेत. मग सांगितलं, भोजनाला बसलेत. मग सांगितलं, वामकुक्षी घेताहेत. शेवंतीच्या डोळ्यांपुढे भावाचे दगड होत आलेले गुडघे होते. तिने पदर खोचला आणि उंबऱ्यावर आडवी झाली. सुतकातल्या बाईला ओलांडायची छाती राजालाही होईना.

"काय हवं?" राजाने विचारलं.

"मोहोर हवी, महाराज. बाबांच्या निवाड्याची कारभारीण मी."

"घरात पुरुष नाही?"

"आहे. कमरेपर्यंत दगड आहे."

राजाने तिच्या तळहातावर मोहोर उमटवली. आता परक्याचं परक्याला देण्यापुरता तिला वस्तूंना हात लावता येणार होता. स्वतःसाठी नाही.

वेशीवर पुकारा केला तशी वडावरची यक्षीण उतरली. तिची सावली धूर्जटीने उन्हाळ्यापुरती म्हणून मागून नेली होती, ती परत केलीच नव्हती. शेवंतीने मोहोरेच्या हाताने बापाची पेटी उघडली. सावली घडी घालून ठेवलेली होती, कापराचा वास येत होता, पण मधोमध कसरीने खाल्ली होती. यक्षीण म्हणाली, फाटकी मी घेणार नाही. तेवढा काळा दोरा कुठून आणायचा? शेवंतीने डोक्याचे केस उपटले आणि सावली रफू करायला बसली. एक टाका घालायची, एकदा भावाकडे बघायची. सावली सांधून यक्षिणीला दिली तेव्हा दगड मकरंदाच्या छातीला लागला होता आणि त्याचा श्वास वरवर चालला होता.

पिंडाच्या दिवशी त्याला बैलगाडीत घालून नदीवर नेलं. पिंड मांडले. कावळा आला, मान वाकडी करून बसला.

"तुझं काय?" त्याने मकरंदाला विचारलं.

"बाबांचं घर. बाबांची शेती."

"तुझं काय?"

"मला काही नको," शेवंती म्हणाली. "सगळं मकरंदाचं."

कावळा हलला नाही. दगड गळ्याशी आला.

वारसपंडित घाईघाईने म्हणाला, नुसतं बोलून भागत नाही, लेकीला हातावर पाणी सोडावं लागतं. आजवर आपण असेच निवाडे केलेत, असंही त्याने सांगितलं. शेवंतीने पाणी सोडलं. वाट्यावर सोडलं, नावावर सोडलं, माहेरच्या चोळीबांगडीवरही सोडलं. कावळ्याने पिंडाकडे पाठ फिरवली. दगड हनुवटीवर आला.

लेकींना ही सवय कोण लावतं ते मला विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे. पानात वाढण्याआधीच मला नको म्हणायचं, आणि त्याबद्दल शहाणी म्हणवून घ्यायचं.

दगड मकरंदाच्या ओठांशी आला होता.

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "माग की काहीतरी."

शेवंतीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. खोटं मागितलं तरी कावळा शिवणार नाही, हे तिला कळत होतं. मग खरं काय? खरं ती कधी स्वतःशीही बोलली नव्हती. लहानपणी ती बापाच्या वेताच्या छडीने विझलेल्या चुली पेटवी, उडालेले राघू परत बोलावी. पदर आल्यावर बापाने छडी काढून घेतली आणि खुंटीवर उंच टांगली. त्या खुंटीखालून ती रोज केर काढीत असे.

"छडी माझी," ती म्हणाली. आधी पुटपुटली, मग सगळ्या घाटाला ऐकू गेलं. "बाबांची छडी आणि विद्या माझी. घराचा नि शेतीचा अर्धा वाटाही माझा. नको म्हणाले ते खोटं होतं."

कावळा झेपावला आणि पिंड फोडला.

दगड तडकला. मकरंद गाडीतून खाली पडला, खोकला, पाय चोळू लागला. कावळ्याच्या चोचीतून धूर्जटीचा आवाज आला, "मागितलीस एकदाची."

शेवंती रडत होती, तरी तिने विचारलंच. "बाबा, हयातीत का नाही दिलीत?"

कावळ्याने पंख झाडले. कंठात तेवढंच ठेवलं होतं.

घरी कुलपं आपोआप निघाली. हंड्यांत पाणी ठरलं. छडी खुंटीवरून उतरून शेवंतीच्या हाती आली. मकरंद उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "अर्ध्या मालकीणबाई, आत येऊ का?" ती म्हणाली, "ये. पण खडावा बाहेर राहू देत."

राजाने त्याच दिवशी हुकूम काढला, की कावळ्यासमोर आधी लेकीला विचारावं, आणि पाण्याचं भांडं दूर ठेवावं. वारसपंडिताने तो हुकूम स्वतःच्या तोंडाने वेशीवर पुकारला. धूर्जटीच्या घरी जसं ज्याचं त्याला मिळालं, तसं तुमच्या घरी मिळो, आणि कुणाचे पाय दगड होण्याआधी मिळो.