गवराईची मूठ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं किती ते विचारू नका, सांगणाऱ्याच्या आजालाही ठाऊक नव्हतं, खडकवण गावात गवराई नावाची एक बाई होती. तिच्या घरी घोड्यांची हौस. शेत बैलांनी व्हायचं, बाजाराला बैलगाडी जायची, घोड्यांना काही कामच नव्हतं. तरी सासऱ्याला हौस, नवऱ्याला हौस, लेकीसुनांनाही हौस. दारात पाच घोडे उभे!

आता ही हौस परवडायची कशी? गावालाही हेच कोडं होतं. खरी गोष्ट अशी, की हे लोक खोडीची जनावरं घ्यायचे. अंगावरचे केसांचे भोवरे पारखूनच घोडा घ्यायची तेव्हा रीत होती. डोळ्याखाली भोवरा असला की घोडा आसूढाळ, म्हणजे मालकाला रडवणार. असला घोडा पाव किमतीत मिळायचा. खायचा मात्र पुरेपूर! म्हणून गवराई दिवसभर कुरकुरायची. नवऱ्याला, हैबतीला, म्हणायची, "घोडं सवंग घेता, पर त्याचं पोट कुठं सवंग हाय? माझं दोन वर्सांचं लुगडं ह्यांच्या हरभऱ्यात गेलं." असं म्हणतात, की कुठल्या घोड्यानं किती पायली हरभरा खाल्ला, ते तिला तोंडपाठ होतं.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला. चार घोडे विकले गेले. उरली चंद्री नावाची आसूढाळ घोडी. ती विकली तर घर सुगीपर्यंत तगणार होतं, ठेवली तर माणसांचेही हाल. बाजारात परमुलखातला एक व्यापारी भेटला. भोवऱ्याबिवऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. पण हैबतीचा हात काही पुढे होईना.

"तूच कर सवदा," तो बायकोला म्हणाला. "तुला कुठं तिचा लोभ हाय?"

जनावराचा भाव तेव्हा तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली हात घालायचे आणि समोरच्याची बोटं दाबून सांगायचा. गवराईनं हात घातला. व्यापाऱ्यानं एक बोट दाबलं, मग दोन, मग तीन. चौथं शोधायला गेला तर बोटच सापडेना. बाईनं मूठ मिटली होती.

त्यानं जोर लावला, त्याच्या दोन गड्यांनी लावला. उपरणं फाटलं, पण मूठ उघडली नाही. गवराई भर बाजारात ढसाढसा रडत होती. आसूढाळ घोडीनं मालकिणीला रडवलं ते असं! शेवटी व्यापारी कंटाळून निघून गेला. असं म्हणतात, की चंद्री घराच्या वाटेला लागली तेव्हाच ती मूठ सुटली आणि आत चार हरभरे निघाले. ते आले कुठून? कुणी म्हणतं, देवानं दिले. कुणी म्हणतं, ती आपल्या घासातले रोज घोडीसाठी राखून ठेवायची. मला तरी हे दुसरंच खरं वाटतं.

हे ऐकून गाव ओशाळलं. त्या घोड्यांवर बसायची हौस सगळ्यांनीच फेडून घेतली होती की! त्या वर्षी घराघरातून गवराईकडे रोज एक मूठ आली. कुणाचं पीठ, कुणाचा कोंडा, कुणाचं नुसतं वाळलेलं गवत. घर तगलं आणि घोडीही तगली.

खडकवणचा बाजार आजही भरतो. म्हैस असो, शेळी असो, नाहीतर जुना ट्रॅक्टर, सौद्याआधी घरच्या बाईचा हात उपरण्याखाली जातो. तिनं मूठ मिटली की "गवराईची मूठ!" असं कुणीतरी म्हणतं, आणि व्यापारी उपरणं झटकून चालू लागतो. भाव कितीही चढलेला असो, बाईला कारण कुणी विचारत नाही.