बारवेचा आवाज

त्या मुलखात पाणी दोनच तऱ्हांचं होतं, आटणारं आणि न आटणारं. आटणाऱ्या पाण्यात बेडूक राहत. न आटणारं पाणी फक्त बारवेत होतं. तिथे राहणाऱ्यांनाही बेडूकच म्हणत, पण जरा थांबून, अदबीनं.

बारव सात मजली, काळ्या दगडाची. तिच्यात केलेलं डराव घुमत वर येई आणि सातपट होऊन चारी दिशांना ऐकू जाई. डबक्यात कुणी लाखमोलाचं बोललं तरी शेजारी जांभई देत. बारवेतून कुणी नुसतं खाकरलं तरी सगळी तळी कान टवकारत.

शेवाळी माळावरच्या तळ्यातली. पाणी चाखून ते किती दिवस पुरेल हे सांगण्यात तिची जीभ कधी चुकली नव्हती. तिच्या शब्दासरशी तळं उठे आणि वेळेत मुलखापलीकडची नदी गाठे. ही कीर्ती बारवेपर्यंत गेली नि तिला बोलावणं आलं. तळ्यानं तिला वाजतगाजत पाठवलं. तिची धाकटी बहीण चिखलू तर ज्याला त्याला सांगत सुटली, "आमची ताई बारवेत असते!"

जिथलं पाणी कधी आटतच नाही तिथे ही विद्या काय कामाची, हा प्रश्न शेवाळीला पडला नाही असं नाही. पण थंडगार पायरी मिळाली, बगळ्याचं भय गेलं, आणि आटण्याविषयी दिवस दिवस बोलणारे सोबती भेटले. तळ्यात तिचं निम्मं बोलणं कुणाला कळत नसे. इथे अर्ध्या शब्दात कळे. हे सुख खोटं नव्हतं. तळपाय मात्र हळूहळू मऊ पडत गेले.

एका उन्हाळ्यात टिटवी आली, चोचीत तळ्याचा ओला चिखल घेऊन. "शेवाळीबाई, तळ्यानं विचारलंय, यंदा कधी निघायचं?"

शेवाळीनं चिखल चाखला, पुन्हा एकदा चाखला. "अकराव्या दिवशी तळ दिसेल. अगं, उडत जा. आजच नदीकडे निघा म्हणावं."

टिटवी दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आली. "ऐकत नाहीत हो. म्हणतात, टिटवीचं काय, ती रोजच ओरडते. खरं असतं तर बारवेतून आवाज आला असता. तुमची चिखलूच सगळ्यांना धरून बसलीय. ताई सांगेल तेव्हाच हलायचं, म्हणते."

बारवेतून आवाज द्यायचा तर त्याला रीत होती. तळपायरीवरचे तीन ज्येष्ठ तो आधी डोळे मिटून ऐकत. कुणाचा आहे हे त्यांना सांगायचं नसे. पहिल्यानं शेवाळीचे बोल दोन दिवस मनात घोळवले. दुसऱ्यानं विचारलं, एकाच तळ्याचा चिखल का चाखला? तिसरा चिंतनात होता की झोपेत, हे विचारायची सोय नव्हती. पाच दिवसांनी डोळे उघडून तो म्हणाला, "बोल चांगले आहेत. पण आटण्याविषयी आजवर चाळीस थोरांनी सांगून ठेवलंय. आधी त्यांचं डराव, मग तुझं. रीत आहे, पोरी." कुणाचा आवाज हे ठाऊक नसताना तो 'पोरी' कसा म्हणाला, हे त्याचं त्यालाच माहीत.

त्या दिवसांत शेवाळी स्वतःच तळ्यावर जायला तीनदा सगळ्या पायऱ्या चढून वर आली. तापलेल्या मातीवर पाय टेकला की कातडी सोलून निघे. आणि खरं सांगायचं तर, सात वर्षांच्या आत जो बाहेर पडेल त्याची पायरी दुसऱ्याला जाते, हेही तिला आठवे. तिन्ही वेळा ती परत उतरली. तिन्ही वेळा तिला स्वतःची लाज वाटली.

होकार मिळाला तो दहाव्या दिवशी सांजेला. अकराव्या दिवशी सकाळी तिला बारवेच्या काठावरच्या मानाच्या दगडावर बसवलं. तिथून माळावरचं तळं लख्ख दिसे. पाणी उरलं होतं ओंजळभर. भ्यायलेले काही बेडूक नदीच्या वाटेला लागलेही होते. ते पाहून शेवाळीला जरा हायसं वाटलं.

तिनं बारवेत तोंड घालून पहिल्या थोराचं डराव म्हटलं. ते घुमत वर आलं, माळभर पसरलं. वाटेला लागलेले बेडूक थबकले. मग एकेक करून माघारी वळले आणि तळ्यात येऊन ऐकायला नीट रांगा करून बसले.

शेवाळीनं ते पाहिलं. थोरबिर सगळे सोडून ती ओरडली, "उठा! निघा! पळा रे!" पण पहिलं डराव अजून सात मजल्यांत घुमत होतं. तिचा शब्द त्यात कालवला गेला आणि वर आला तो नुसता गंभीर, भारदस्त नाद. तळ्यातल्या रांगांनी आदरानं माना लववल्या. ती पुन्हा ओरडली. नाद आणखी भारदस्त झाला. मागून ज्येष्ठांची कौतुकाची कुजबुज आली.

तिकडे तळ्यावर टिटवी सगळ्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडत होती, आणि पहिल्या रांगेतली चिखलू भेगाळत्या चिखलात बसून तिला गप्प राहण्याची खूण करत होती.