‘असेल’ आणि ‘आहे’

तालुक्याच्या कोर्टात एकदा एक वयोवृद्ध सरकारी वकील होते आणि त्यांच्या हाताखाली नुकतीच रुजू झालेली एक शिष्या होती. बुद्धी तल्लख, अभ्यास पक्का, आणि जिंकण्याची घाई तर विचारूच नका! पहिलाच खटला तिच्या वाट्याला आला होता, आणि काही झाले तरी तो हरायचा नाही, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

खटला तसा साधा. एका मंडपवाल्या व्यापाऱ्याच्या गोदामातून पहाटेच्या अंधारात तांब्याची मोठाली पातेली चोरीला गेली. ती काही सापडली नाहीत. शेजारच्या हौसाबाईंनी चोराला पळताना पाहिले होते. “तो लहानू हमालच आहे,” असा त्यांचा जबाब पोलिसांनी नोंदवला आणि लहानूला उचलले. दुसरा पुरावा म्हणाल तर शून्य. लहानू कोठडीत, आणि त्याची बायको तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन कोर्टाच्या दाराशी बसलेली.

हौसाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. शिष्येने विचारले, “पळणारा माणूस कोण होता?”

“लहानू असेल.”

“असेल म्हणजे? आहे ना?”

“अहो ताई, अंधार होता. गडी पाठमोरा. अंगापिंडाने लहानूसारखा, म्हणून असेल म्हणते. तोंड कुठं पाहिलं मी?”

शिष्येने हातातला जबाब पुन्हा वाचला; तिथे तर ‘आहे’ होते. साक्षीदार उलटली! असा आपलाच साक्षीदार फिरला की त्याला फितूर जाहीर करण्याची परवानगी मागायची आणि मग त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारून खोटे पाडायचे, हे ती शिकली होती. ती तोंड उघडणार, तोच वृद्ध वकिलांनी तिचा झगा ओढून तिला खाली बसवले आणि स्वतः उभे राहिले.

“बाई, पोलिसांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?”

“हेच की! असेल म्हटलं. त्यांनी ‘आहे’ लिहिलं असलं तर मला काय ठाऊक? मला कुठं वाचता येतंय!”

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांनीही हळूच रुमाल तोंडाला लावला. “आणखी प्रश्न नाहीत,” म्हणून वृद्ध वकील शांतपणे खाली बसले.

मधल्या सुट्टीत शिष्येचा संयम सुटला. “सर, आपलाच खटला बुडवलात तुम्ही! आरोपीच्या वकिलाला काही कामच उरलं नाही.”

वृद्ध वकील शेंगा सोलत होते. मिश्कीलपणे म्हणाले, “फितूर कोणाला म्हणतात गं?”

“आपली बाजू सोडून जो दुसरीकडे जातो, त्याला.”

“मग हौसाबाई कुठे गेल्या? तेव्हाही ‘असेल’, आजही ‘असेल’. बाई जागच्या हलल्या नाहीत. हलणार होतो ते आपण. अगं, आरोपीच्या वकिलाचा अशील एकटा आरोपी. आपला अशील सरकार, म्हणजे सगळी प्रजा. ती दाराशी बसलेली पोरगीसुद्धा त्यातच आली. खरं काय ते कोर्टापुढे ठेवलं की आपलं कर्तव्य संपलं, निकाल कोणताही लागो. ‘असेल’चं ‘आहे’ करून माणूस आत घालायचा, तर आपली गरजच काय? घे, शेंगा खा.”

शिष्येने शेंगा घेतल्या, पण तिला स्वतःचीच लाज वाटत होती. सुट्टी संपल्यावर ती उभी राहिली. स्पष्ट शब्दांत म्हणाली, “सरकारपक्षाकडे दुसरा पुरावा नाही. एवढ्या साक्षीवर आरोपीला दोषी ठरवा, असं सरकार म्हणू शकत नाही.”

लहानू सुटला. दाराशी बसलेली त्याची बायको रडता रडता हसू लागली.

इकडे व्यापाऱ्याने शिष्येला गाठलेच. “वा ताई! आमच्या बाजूच्या म्हणवता, आणि चोराला सोडून दिलंत?”

“शेठ, चोर सापडलाय कुठे? लहानूला शिक्षा झाली असती, तर खऱ्या चोराला शोधायला कोणी गेलं असतं का? तुमचीच पातेली घेऊन तो आरामात फिरत राहिला असता.”

व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते. “मग आता?”

“आता चला माझ्याबरोबर. पुन्हा तपास करा म्हणून पोलिसांकडे अर्ज देऊ.”

दोघे निघाले. वृद्ध वकिलांनी मागून हाक मारली, “काय गं, हरलीस ना पहिलाच खटला?”

“हरले की!” ती खळखळून हसली आणि व्यापाऱ्याबरोबर झपझप चालू लागली.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार ज्याला मिळतो, त्याला ते बोट मागेही घेता आले पाहिजे.