पाय धुऊन आलेली मंडळी

ओढ्यापलीकडच्या दाट जंगलात एक रानडुकरीण राहत असे. बाळांनो, त्या जंगलातले प्राणी प्रभू येशूला मानणारे होते. जांभळीच्या बुंध्याशी दोन फांद्या बांधून केलेला क्रूस होता, दोन खडकांमधून आत जायची वाट होती, आणि तिथं जमणाऱ्या साऱ्यांना मिळून ‘मंडळी’ म्हणत. पुनरुत्थानाच्या सणाआधी जो गुरुवार येतो ना, त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत म्हातारा गवा सर्वांचे पाय धूत असे. प्रभूनं आपल्या शिष्यांचे धुतले होते, तसेच. आणि ज्याचे पाय धुतले जात, त्याच्या घरच्यांसाठी सगळी मंडळी प्रार्थना करी. अशी रीतच होती.

त्या वर्षी रानडुकरिणीचा नवरा शिकाऱ्याच्या फासात अडकला. फास तुटला, पण पाय सुजला, अंगात ताप भरला आणि तो बोलेनासा झाला. ती बिचारी दिवसभर दलदलीतला थंड चिखल आणून त्याच्या जखमेवर थापत होती. उन्हं उतरली तशी तिला गुरुवार आठवला. आज सगळ्यांनी मिळून यांच्यासाठी देवाला हाक मारली पाहिजे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती होती तशी, गुडघ्यांपर्यंत चिखलानं माखलेली, धावत निघाली.

खडकांपाशी मोर राखणीला उभा होता. "थांब, थांब! डुकरीणबाई, हे देवाचं ठिकाण आहे, डबकं नव्हे."

"मोरभाऊ, घरात जिवावरचं दुखणं आहे. जाऊ दे मला आत."

"जा की! कोण नको म्हणतंय? पण आधी ओढ्यावर जा आणि पाय धुऊन ये."

आतून बगळ्यानं लांब मान काढली. "शी! काय हा अवतार! आमच्याकडे बघ. सकाळपासून एकेक बोट घासलंय मी."

"मी तर नखंसुद्धा कोरलीत," कोल्हा म्हणाला. "गवेबाबांपुढे असले पाय न्यायचे म्हणजे लाज नाही वाटत?"

रानडुकरीण मुकाट्यानं वळली. सूर्य डोंगराला टेकला होता. ओढा गाठून परत येईपर्यंत अंधार पडणार, म्हणजे प्रार्थना गेलीच. दोन पावलं चालली असेल नसेल, तोच तिच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं. ती माघारी आली आणि वाटेत आडवी बसली.

"नाही जात," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, नाही जात! सगळ्यांनी पाय धुऊनच यायचं, तर मग बाबांनी इथं धुवायचं काय? बगळ्याचे धुतलेले, कोल्ह्याचे धुतलेले. म्हाताऱ्याला काय नुसतं गुडघे दुखवायला बसवलंय?"

"ऊठ वाटेतून! नाहीतर चोच मारीन."

"मार. पिसारा फुलव, नाहीतर केका करून रान डोक्यावर घे. प्रभूनं ऊठ म्हटलं तर उठेन. तुझ्या शब्दावर नाही उठायची."

हे सगळं आत ऐकू गेलं. म्हाताऱ्या गव्यानं समोरच्या दगडी डोणीत पाहिलं. एवढ्या जणांचे पाय धुऊन झाले होते, तरी पाणी कसं नितळ, तळाचा खडा न् खडा दिसत होता.

"दरवर्षी मला नवल वाटायचं," तो सावकाश म्हणाला, "की माझ्या मंडळीचे पाय इतके स्वच्छ कसे? म्हटलं, देवाचीच कृपा! अरे, तुम्ही घरूनच धुऊन येत होता होय?"

बगळा उगाच आभाळाकडे बघू लागला.

गव्यानं डोणी शिंगांनी ढकलत वाटेपर्यंत आणली आणि रानडुकरिणीपुढे गुडघे टेकले. तशी ती मात्र अवघडली. "बाबा, फार घाण आहेत हो."

"म्हणून तर आलोय, लेकी."

त्यानं तोंडात गवताचा बोळा धरला आणि तिचे चारही पाय चोळून चोळून धुतले. पाणी काळं झालं. मोर बाजूला अंग चोरून उभा होता. मोराचे पाय तुम्ही पाहिलेत ना? खरखरीत, काटकुळे. पिसारा तो साऱ्या जगाला दाखवतो, पाय कुणाला दाखवत नाही.

रानडुकरीण म्हणाली, "ये की, मोरभाऊ. पाणी आता गढूळ झालंच आहे, तुझ्यानं आणखी काय बिघडणार?"

मोर आधी फणकारला. मग खाली मान घालून त्यानं एक पाय पुढे केला.

"घरी कोण आजारी आहे, लेकी?" गव्यानं विचारलं.

"कारभारी आहेत, बाबा. बोलत नाहीत."

"मग इथं बसून कशाला हाक मारायची? तिथंच जाऊ."

सगळी मंडळी दलदल तुडवत निघाली. मोरानं थोडा वेळ पिसारा उचलून धरला, मग कंटाळून सोडून दिला. रानडुकरिणीच्या घरी, झुडपांच्या जाळीत पोचल्यावर सर्वांनी डोळे मिटून प्रार्थना केली. कितीतरी वेळानं आजाऱ्यानं एक डोळा उघडला आणि भोवतालचे ते चिखलानं भरलेले पाय पाहिले.

"अगं," तो क्षीण आवाजात म्हणाला, "हे सगळे आपल्यातलेच दिसतात की!"

तात्पर्य : देव रूप नव्हे, मन पाहतो, म्हणून मळक्या पायांची लाज धरून त्याच्या दारातून माघारी फिरू नये, आणि दुसऱ्याला तर मुळीच फिरवू नये.