थोरल्या साच्याचा हुकूम

कुंभारआळीत मातीचे मावळे काढणारा एकच साचा होता, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीत मुलांच्या प्रत्येक किल्ल्यावर त्याचेच मावळे उभे असत. त्यामुळे स्वारी अशी फुगली, की किल्लेसुद्धा आपणच बांधतो असं तिला वाटू लागलं.

पुढे आळीत छोटे साचे आले. एकातून डुलक्या काढणारा पहारेकरी निघे, दुसऱ्यातून टोपलीवाली म्हातारी.

"ही कसली चित्रं? किल्ल्याची शोभा घालवतील!" थोरला साचा फिसकारला आणि त्याने आळीभर हुकूम सोडला, "ज्या किल्ल्यावर ह्यांचं एकही चित्र दिसेल, तिथून माझे सगळे मावळे खाली उतरतील!"

किल्ला लिंपत बसलेल्या वेणूने ते ऐकलं. हाताचा चिखल परकराला पुसत ती म्हणाली, "बरं झालं बाई! म्हातारीला बसायला जागाच नव्हती." तिने सगळे मावळे उचलून खोक्यात भरले. मग आळीतल्या बाकीच्या पोरांनीही तेच केलं.

आता किल्ल्यावर म्हातारी भाजी विकते आणि पहारेकरी खुशाल पेंगतो. मावळे खोक्यात एकमेकांच्या पाठीला नाक लावून उभे आहेत. थोरला साचा मात्र अजूनही छाती काढून विचारतो, "बघा, आहे का खोक्यात आमच्याशिवाय दुसरं कोणी?"