पाऊण बादली पाणी

यंत्रं एकमेकांशी मनमोकळं बोलत, त्या काळची गोष्ट. सुका बर्फ (ड्राय आइस) फवारून बिस्किटांचे साचे साफ करणाऱ्या बंदुकीला हवा दाबून पुरवणारा कॉम्प्रेसर निवडायचा होता. दोन कॉम्प्रेसर भाऊ पुढे आले.

"माझ्याइतका जोर कुणात नाही!" थोरला गरजला.

धाकटा म्हणाला, "ताई, मी पुरेशी हवा देईन, पण आधी वाळवून."

बंदूक जोराला भुलली. घटकाभरात थोरल्याच्या दमट हवेतलं पाणी तिच्या घशात गोठलं आणि फवाराच थांबला. घशातला बर्फ वितळल्यावर तिने धाकट्याची नळी धरली. दुपारपर्यंत सगळे साचे लख्ख झाले.

संध्याकाळी धाकट्याने दिवसभर हवेतून शोषून पोटात साठवलेलं पाणी सोडलं. पाऊण बादली भरली.

"एवढं सगळं माझ्यासाठी प्यायलास होय रे?" बंदुकीने बादलीत डोकावून विचारलं.

तेव्हापासून साच्यांचं कौतुक झालं, की ती आधी बादलीकडे बघते.